अपडेट अडकले म्हणून संगणक फॉरमॅट करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात अलीकडेच एका वाचकाचे पत्र आले होते. घरच्या संगणकावर विंडोजचे अपडेट अडकले, दुरुस्तीवाल्याने सगळे फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवून दिले आणि जाताना ‘अपडेट कायमचे बंद करून ठेवले आहे, आता कटकट नाही’ असे सांगून गेला. पत्रलेखकांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केले होते आणि इतरांनीही तसेच करावे असे सुचवले होते. ते वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. माझी सगळी नोकरी संगणक देखभालीच्या कामात गेली आणि निवृत्तीनंतरही नात्यातले, ओळखीचे लोक ‘जरा बघता का’ म्हणून फोन करतात. त्या अनुभवाच्या जोरावर सांगते की, अडकलेल्या अपडेटवर फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे आणि अपडेट बंद करणे हा तर उपायच नाही.

आधी बंद करण्याबद्दल. मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या देते. त्या किती महत्त्वाच्या असतात हे २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधल्या एका भगदाडावरची दुरुस्ती १४ मार्चला आली होती. १२ मे रोजी त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू शिरला, दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याने धरले आणि फायली सोडवण्यासाठी खंडणी मागितली. मधे जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी ती दुरुस्ती वेळेवर बसवून घेतली होती त्यांच्या संगणकात या वाटेने शिरायला जागाच नव्हती. शिवाय विंडोजच्या अंगच्या अँटिव्हायरसला नव्या विषाणूंची माहिती मिळते तीही मुख्यतः याच वाटेने. ती वाट बुजवली की पहारेकरी जागेवर असतो, पण कोणाला अडवायचे हे त्याला माहीत नसते.

आता अडकण्याबद्दल. पहिला प्रश्न हा की, ते खरोखर अडकले आहे का? चालू असलेल्या विंडोजच्या वापरातल्या फायली जागच्या जागी बदलता येत नाहीत. म्हणून अपडेट आधी उतरवले जाते, बाजूला मांडून ठेवले जाते आणि खरी अदलाबदल संगणक पुन्हा सुरू होताना होते. पडद्यावरचा टक्का या कामाचा फक्त अंदाज असतो. तो तीसवर बराच वेळ थांबतो आणि मग एकदम नव्वदवर जातो, यात बिघाड काही नाही. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर दोन-तीन तास लागणेही अशक्य नाही. संगणकावरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. अशा वेळी वैतागून बटण दाबणे म्हणजे फाइल अर्धी लिहून झालेली असताना हात काढून घेणे. खरे नुकसान बहुधा तिथेच होते.

दिवा बराच काळ मेलेला, पडद्यावर हालचाल नाही आणि असे कित्येक तास गेले, तर मात्र पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करावा. त्याआधी पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर यांच्या वायरी काढून ठेवाव्यात. पुन्हा सुरू केल्यावर विंडोज बहुतेक वेळा अपुरे काम पुढे नेते किंवा केलेले बदल मागे घेते. बदल मागे घेत असल्याचा संदेश दिसला की लोक घाबरतात. घाबरू नये, पण त्याला त्याचे काम पुरे करू द्यावे.

दुसरा प्रकार याहून जास्त आढळतो. संगणक व्यवस्थित चालतो, पण अपडेट उतरवताना एका आकड्यावर थांबते किंवा दरवेळी ‘अयशस्वी’ म्हणून परत फिरते. इथे मी आधी साध्या गोष्टी बघते. सी ड्राइव्हवर जागा आहे का? त्रुटीचा क्रमांक ८००७००७० ने संपत असेल तर जागा नाही, असा त्याचा सरळ अर्थ. तारीख-वेळ बरोबर आहे का? मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल संपला की संगणक जुन्या सालात जातो, मग सर्व्हरची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्याला चुकीच्या तारखेची वाटतात आणि जोडणीच होत नाही. वेगळा अँटिव्हायरस बसवला आहे का? कधी कधी तोच अपडेट अडवतो. नेटची जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरायची, म्हणून नोंदवलेली तर नाही? तशा जोडणीवर विंडोज अपडेट उतरवणे टाळते. आणि एक गोष्ट फारच कमी लोकांना ठाऊक असते. अनेक संगणकांवर ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असते, त्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होतच नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो. ‘रिस्टार्ट’ने मात्र सगळे नव्याने सुरू होते. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्यांनाही म्हणून मी आधी रिस्टार्ट करायला सांगते, आणि पुष्कळदा गाडी तिथेच सुरळीत होते.

एवढे करूनही हलले नाही तर गुंता बहुधा उतरवून ठेवलेल्या मालात असतो. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ नावाचे फोल्डर असते. अपडेट आधी तिथे येऊन पडते. नेट मधेच तुटले, वीज गेली, की तिथे अर्धवट तुकडे राहतात आणि विंडोज पुन:पुन्हा त्याच तुकड्यांशी झगडत बसते. हे फोल्डर रिकामे केल्याने आपली एकही फाइल जात नाही. संगणक ते पुन्हा भरून घेतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या संगणकाचे हेच झाले होते. तिला दुरुस्तीवाल्याने फॉरमॅटच सांगितला होता. तिच्या संगणकात हिशेबाचे एक जुने सॉफ्टवेअर आहे, ते पुन्हा बसवायची सीडी आता तिच्याकडे नाही, म्हणून ती धास्तावली होती. मी तिला म्हटले, संगणकासमोर बस आणि फोन स्पीकरवर ठेव. ‘सर्व्हिसेस’ची, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या कामांची यादी उघडायला लावली. यादीत ‘विंडोज अपडेट’ शोधून उजव्या क्लिकने ‘स्टॉप’. मग अपडेट उतरवून आणणारी ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’, तीही ‘स्टॉप’. त्यानंतर ते फोल्डर उघडून आतल्या ‘डाउनलोड’ फोल्डरमधले सगळे निवडून डिलीट. ‘ताई, हे वापरात आहे म्हणतंय, पुसू देत नाही.’ म्हणजे सर्व्हिस आपोआप पुन्हा सुरू झाली होती. परत यादीत जाऊन बंद केली आणि लगोलग पुसले. मग रिस्टार्ट.

त्यानंतर विंडोजच्या मूळ फायलींची तपासणी. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडायचा, नाहीतर आज्ञा चालतच नाही. आधी ‘डिझम’ची आज्ञा, जिने विंडोजचा सुट्या भागांचा साठा दुरुस्त होतो, आणि मग ‘एसएफसी’ची, जी त्या साठ्यातून चांगले भाग घेऊन खराब फायलींच्या जागी बसवते. साठाच नासका असेल तर तिथून घेतलेला भाग काय कामाचा, म्हणून हाच क्रम ठेवावा. ‘एसएफसी लिही, एक जागा सोड, उजवीकडे कललेली तिरपी रेघ, तिला चिकटून स्कॅननाऊ.’ तिने पहिल्यांदा रेघ आणि अक्षरे यांच्यामध्ये जागा सोडली, पडद्यावर नुसती सूचनांची यादी आली. पुन्हा लिहिले, चालले. मधे टक्का एका जागी थांबला तेव्हा तिने विचारले, ‘बंद करू?’ मी नको म्हटले. शेवटी खराब फायली सापडल्या आणि दुरुस्त झाल्या, असे वाक्य आले. संध्याकाळी तिचा फोन आला की अपडेट बसले. हिशेबाचे सॉफ्टवेअर जिथल्या तिथे होते.

हे सगळे कोणी करू शकत नाही असे नाही. जो दुरुस्तीवाला फॉरमॅट मारतो त्याला हेही येत असते. फॉरमॅटमध्ये डोके लावावे लागत नाही, वेळ ठरलेला असतो, म्हणून तो मार्ग सोपा वाटतो. पण घरच्या माणसाच्या बाजूने पाहा. सांभाळलेले फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड, जुन्या स्कॅनरचा कसाबसा मिळवलेला ड्रायव्हर, डेस्कटॉपवर ठेवलेली कागदपत्रे. ‘महत्त्वाचे काही आहे का?’ असे दारात उभ्याने विचारले तर कोणाला सगळे आठवते? माझा या पद्धतीवर राग आहे आणि तो मी लपवत नाही.

फॉरमॅटच्या अलीकडे आणखी दोन पायऱ्या आहेत, त्यांचे नावही बहुतेकांना सांगितले जात नाही. संगणक सुरूच होत नसेल, तर दोन-तीनदा सुरू होणे फसल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. त्यात प्रगत पर्यायांमध्ये शेवटचे अपडेट काढून टाकायची सोय असते. आणि संगणक सुरू होत असेल पण विंडोज फारच बिघडले असेल, तर मायक्रोसॉफ्टकडूनच विंडोजची इन्स्टॉलेशनची फाइल उतरवून ती चालू विंडोजमधूनच चालवता येते. त्यात ‘फायली आणि अॅप ठेवा’ हा पर्याय निवडला की विंडोज नवे बसते आणि आपले सामान जागेवर राहते. या कशालाही हात लावण्याआधी फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकर या डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. नव्या संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि दुरुस्तीचा पडदा ही की मागू शकतो. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते; संगणक नीट चालू असतानाच ती शोधून कागदावर उतरवून घ्यावी.

कधी कधी चूक अपडेटचीच असते, हेही मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या कागदपत्रांच्या फायली पुसल्या. मायक्रोसॉफ्टला ते मागे घ्यावे लागले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये केबी ५०३४४४१ हे अपडेट असंख्य घरी ८००७०६४३ ही त्रुटी देऊन परत फिरत होते. खरे कारण हे की, डिस्कवरचा रिकव्हरीसाठी राखलेला भाग त्याला अपुरा पडत होता. पण पडद्यावरच्या संदेशात त्याचा उल्लेख नव्हता. तो भाग वाढवायचा मार्ग मायक्रोसॉफ्टने सुचवला, तो घरच्या माणसाने सहज करावा असा नव्हता. त्या दिवसांत मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितले की काही करू नका, थांबा. म्हणून त्रुटीचा आणि अपडेटचा क्रमांक लिहून ठेवावा. त्यावरून दोष आपल्याकडे आहे की सगळीकडे, हे लगेच कळते. घाई नको असेल तर सेटिंगमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते. ज्यांना नव्या अपडेटची धास्ती वाटते त्यांनी ही सोय वापरावी. कायमचे बंद करण्याची गरज त्यांनाही नाही.

एक प्रश्न मला हल्ली फार विचारला जातो, तो असा की, विंडोज १० वर अपडेट येणेच बंद झाले, काय अडकले असेल? तिथे अडकलेले काही नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीच्या सुरक्षा अपडेटची सोय केलेली आहे, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नाव नोंदवावे लागते. अशा संगणकावर फोल्डर रिकामे करून किंवा फॉरमॅट मारून उपयोग नाही.

आणि ब्राउझरमध्ये अचानक ‘तुमचे अपडेट अडकले आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मोठा पडदा आला, तर तो फसवणुकीचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात फोन क्रमांक कधीही नसतो. खरे अपडेट फक्त सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच बघावे.

संपादक महोदय, आपण तंत्रज्ञानाचे सदर चालवता. त्यात वाचकांसाठी एवढे जरूर छापावे की, दुरुस्तीवाला फॉरमॅट म्हणाला तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. अपडेटचे फोल्डर रिकामे करून पाहिले का? डिझम आणि एसएफसी चालवले का? फायली ठेवून विंडोज पुन्हा बसवता येईल का? आणि ज्या वाचकांच्या घरी अपडेट बंद करून ठेवले आहे, विशेषतः ज्या पत्रलेखकांच्या पत्रामुळे मी हे लिहिले त्यांनी, ते सर्व्हिसेसच्या यादीतून पुन्हा चालू करून घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक