ठेव मोडू नका: रेवाच्या फीबद्दल आई-बाबांना पत्र

एडिसन, न्यू जर्सी
12 एप्रिल 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "बँकेतली ठेव मोडून पैसे पाठवतो, पण कॉलेजपुढे हात पसरू नका." रेवा शेजारीच बसली होती, आईचाही आवाज भरून आला होता, त्यामुळे मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. संजयची नोकरी 31 जानेवारीला गेली, ही गोष्ट आम्ही दोन महिने तुमच्यापासून लपवली, हे आमचे चुकलेच. तरीही ठेव मोडू नका, निदान आत्ता तरी नको. आधी रेवाच्या फीसाठीची मदत नव्याने ठरवा, अशी विनंती कॉलेजला करू द्या. असे का म्हणते, ते सविस्तर लिहिते.

इथल्या कॉलेजांची मदत ठरते ती मुख्यतः फाफ्सा नावाच्या सरकारी अर्जावरून. 2025-26 या शैक्षणिक वर्षासाठी त्यात 2023 सालचे उत्पन्न धरतात, कारण त्या वर्षाचे आयकर विवरण सरकारकडे आधीच जमा असते आणि ते थेट अर्जात उतरवून घेता येते. सोय म्हणून हे ठीक आहे. पण 2023 मध्ये आमच्या घरात दोन पगार येत होते आणि आज फक्त माझा येतो. त्या जुन्या उत्पन्नावरून स्टुडंट एड इंडेक्स नावाचा आकडा निघतो, म्हणजे कुटुंबाच्या ऐपतीचे माप. वर्षाला 84,000 डॉलर खर्च असलेल्या कॉलेजने रेवाला 21,000 डॉलरची मदत देऊ केली, ती या मापाच्या आधारे. त्यांचा हिशेब चुकलेला नाही. आम्ही ज्या घराची माहिती पाठवली, ते घर आता तसे राहिलेले नाही.

बाबा, तुम्ही शाळेत हेडक्लार्क होता तेव्हा ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या, फी-सवलतीचे फॉर्म भरून घ्यायला लोक आपल्या घरी ओसरीवर येत असत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नसेल तर तुम्ही ओळखीच्या माणसालाही परत पाठवत होता, आणि दाखला असेल तर रात्री दहालाही फॉर्म भरून देत होता. त्या आईबापांना तुम्ही कधी याचक मानले नाही. मग स्वतःच्या नातीच्या बाबतीत वेगळा न्याय कशासाठी? इथल्या 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यानेच कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला असा अधिकार दिला आहे की, नोकरी जाणे, मोठे आजारपण, घटस्फोट किंवा मृत्यू यांमुळे कुटुंबाची परिस्थिती पालटली असेल, तर कागदपत्रे पाहून त्याने अर्जातील आकडे बदलावेत आणि मदत नव्याने ठरवावी. शिवाय अलीकडच्या दुरुस्तीनंतर अशा सगळ्याच विनंत्या सरसकट नाकारण्याचे धोरण कॉलेजला ठेवता येत नाही.

या विनंतीसाठी मी कॉलेजला पहिल्यांदा लिहिलेले पत्र तीन पानांचे झाले होते, आणि त्यात संजयच्या अठरा वर्षांच्या नोकरीचे वर्णनच अधिक होते. कॉलेजच्या मदत कार्यालयात फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी सौम्यपणे सांगितले की एक पान पुरे. काय बदलले, कधी बदलले आणि किती रकमेने बदलले, एवढेच लिहा. आता पत्र तसेच केले आहे. सोबत कामावरून कमी केल्याचे कंपनीचे पत्र, शेवटची पगारपावती, बेकारभत्त्याचा तपशील आणि 2025 च्या अपेक्षित उत्पन्नाचा अंदाज जोडला आहे. कंपनीने निरोप देताना आठ आठवड्यांचा पगार दिला, तोही या वर्षाच्या उत्पन्नात दाखवावा लागतो. लपवण्यात अर्थ नाही. तुम्हाला आम्ही दरमहा पाठवतो ती रक्कम सरकारी सूत्रात कुठेच बसत नाही, कारण तुम्ही आमच्या घरात राहत नाही. पत्रात मात्र ती एका ओळीत नोंदवली आहे. आई, यावर तू "मग आम्हाला पाठवू नका" म्हणशील, तर ते वाक्य तुझ्यापाशीच ठेव.

आता ठेवीविषयी. पूर्वी आजी-आजोबांनी नातवंडाची फी भरली तर ते त्या मुलाचे उत्पन्न म्हणून फाफ्सात दाखवावे लागे. 2024-25 पासून तो प्रश्न काढून टाकला आहे. परंतु या खासगी कॉलेजला सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा अर्जही लागतो, आणि त्यात नातेवाइकांकडून मिळणाऱ्या मदतीची चौकशी असते. आम्ही गरज मांडत असतानाच तुमचे पैसे आले, तर ते आम्हाला प्रामाणिकपणे सांगावे लागतील, आणि कदाचित तेवढीच मदत कमी होईल. म्हणजे मुदतीआधी ठेव मोडल्याने तुमचे व्याजही कमी व्हायचे आणि फायदा व्हायचा तो कॉलेजचा.

निर्णय आमच्या बाजूने लागेलच असे नाही. हा अधिकार सर्वस्वी कॉलेजचा आहे आणि त्यावर केंद्रीय शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. कधी अनुदान वाढते, कधी नुसते कर्ज पुढे करतात. सरकारी कर्ज पहिल्या वर्षी रेवाच्या नावावर 5,500 डॉलरपर्यंतच मिळते, आणि पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना मिळणारे सरकारी अनुदान, जिची कमाल मर्यादा 7,395 डॉलर आहे, ती माझ्या एकटीच्या पगारावरही मिळेल याची खात्री नाही. वाढ पुरेशी झाली नाही, तर रेवा न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात जाईल. तिथेही तिला प्रवेश मिळाला आहे. तिने हे स्वतःहून सांगितले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

जागा राखण्यासाठी 1 मेपर्यंत अनामत भरायची आहे, म्हणून सोमवारी, 14 तारखेला, सगळे कागद पाठवणार आहे. टपालाला वेळ लागेल, त्यामुळे हे पत्र आणि कॉलेजला लिहिलेल्या पत्राची प्रत दादाच्या मोबाइलवर पाठवते. त्याच्याकडून मोठ्या अक्षरात छापून घ्या. बाबा, इंग्रजीची काळजी करू नका, ती रेवाने पाहिली आहे. तुम्ही तेवढ्या तारखा आणि बेरजा तपासा. 31 जानेवारी ही तारीख माझ्या पत्रात आणि कंपनीच्या पत्रात सारखीच आहे ना, हे एकदा बघून रविवारच्या आत कळवा.

तुमची,
सुमी