पोरांची शिक्षा तोंडी, मोठ्यांची नुसती कागदावर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की तुमच्या पेपरात कॉपीमुक्तीच्या बातम्या सुरू होतात. भरारी पथक, बैठं पथक, झेरॉक्सची दुकानं बंद, आणि शेवटी अमुक विभागात इतक्या कॉपी केसेस. मी एका अनुदानित हायस्कूलात ३१ वर्षं क्लार्क होतो, शेवटची काही वर्षं हेडक्लार्क, आता घरी बसून पेपर वाचतो. त्या बातमीत मी दरवर्षी एकच गोष्ट शोधतो आणि ती कधी सापडत नाही. पोरगं पकडलं, त्याचा पेपर गेला, पुढच्या परीक्षेचं काय ते बोर्ड ठरवणार, हे सगळं असतं. त्या वर्गात पर्यवेक्षक कोण होता आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच नसतं. १९८२ चा परीक्षा गैरप्रकारांचा कायदा आहे ना आपल्याकडे, त्यात नुसतं पोरगंच नाही तर त्याला मदत करणाराही येतो. २०२५ च्या परीक्षेला आधी गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांवर बाहेरच्या शाळेतले पर्यवेक्षक नेमले ते मला पटलं, कारण निदान एवढं तरी कबूल झालं की चिठ्ठी आपोआप आत जात नाही.

पण मला कॉपीवर लिहायचं नाही. मला शिक्षेवर लिहायचंय, म्हणजे शाळेत शिक्षा कुणाला होते आणि कशी होते. ऑफिसात बसून हे जेवढं दिसतं तेवढं वर्गात बसून पण दिसत नाही.

आमच्या ऑफिसच्या खिडकीसमोरच घंटा टांगलेली होती आणि उशिरा आलेली पोरं तिच्याखाली उभी राहायची. त्यात सहावीतला एक मुलगा रोजचाच. वाडीवरून एसटीने यायचा, एसटी प्रार्थना सुरू झाल्यावर फाट्यावर टेकायची, तिथून धावत आला तरी राष्ट्रगीत हुकायचं. पीटीचे सर त्याला ग्राउंडला पाच राउंड मारायला लावायचे, दप्तर पाठीवर तसंच. मग तो खिडकीशी येऊन "सर पाणी पिऊ का" म्हणून विचारायचा. आता ही शिक्षा कुठे लिहिलीय? कुठंच नाही. कुठल्या नियमात बसते, कुणी मंजूर केली, किती दिवस चालली, कशाचा पत्ता नाही. दोन मिनिटांत सुनावणी, निकाल आणि अंमलबजावणी!

आणि त्याच शाळेत एक सर शनिवारी यायचेच नाहीत. मस्टरवर मी लाल पेनने रेघ मारायचो, सोमवारी ते शांतपणे येऊन त्यावर सीएलचा, म्हणजे किरकोळ रजेचा अर्ज ठेवायचे, सीएल संपल्या की मेडिकल. हेडमास्तरांनी मेमो दिला, सरांनी खुलासा दिला, खुलासा असमाधानकारक असा शेरा पडला, परत मेमो. मी रिटायर झालो तेव्हा ती फाईल दोन बोटं जाड झालेली होती आणि सरांची एक इन्क्रिमेंट पण थांबलेली नव्हती. म्हणजे बघा, पोराच्या शिक्षेला कागदच नाही आणि मोठ्यांच्या शिक्षेला कागदाशिवाय दुसरं काही नाही.

लोक म्हणतात कायदे नाहीत. अहो कायदे कपाटभर आहेत, ती कपाटं मीच झाडायचो. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम १७ मध्ये मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला सरळ मनाई आहे. पण मोडलं तर काय? सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई, बस. आता खाजगी शाळेत ती कारवाई सुरू करायची कुणी, तर संस्थेने. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली उघडून बघा, मोठी शिक्षा द्यायची तर चौकशी समिती लागते, एक माणूस संस्थेचा, एक त्या शिक्षकाने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या पॅनेलमधला, आणि साधारण १२० दिवसांत चौकशी संपवायची. वाचायला फार छान आहे हो. पण ज्या संस्थेने नेमणुकीच्या वेळी "बिल्डिंगसाठी" म्हणून हातात पाकीट घेतलंय ती त्या माणसाला चार्जशीट कुठल्या तोंडाने देणार? खरी गाठ तिथं आहे, आणि ती सोडून आपण पोरांच्या मोबाइलवर, केसांवर आणि बुटांच्या रंगावर शिस्त लावत बसलोय.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईची बातमी आली होती, सहावीतली मुलगी उशिरा आली म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप, काही दिवसांत ती गेली. कशाने गेली ते तपासात ठरेल, मी डॉक्टर नाही. पण ती बातमी वाचली आणि मला आमची ती घंटा आठवली. मी रोज बघत होतो की. एकदाही उठून पीटीच्या सरांना काही बोललो नाही, क्लार्कने मास्तरांना सांगायचं नसतं असा एक न लिहिलेला नियम आहे शाळेत.

आता माझंही सांगतो, नाहीतर दुसऱ्यांची धुणी धुतल्यासारखं होईल. एका मुलीचे वडील कामासाठी इचलकरंजीला गेले, तिची एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. बाराशे रुपये बाकी होते, फी नव्हे, शाळाविकास निधी. चेअरमन म्हणाले पैसे भरल्याशिवाय दाखला द्यायचा नाही, मी नाही दिला. त्या माणसाने चार महिन्यांत तीन हेलपाटे मारले, दरवेळी एक दिवसाची मजुरी बुडवून. आरटीईचं कलम ५ सांगतं की दाखला ताबडतोब द्यायचा, आणि जो मुख्याध्यापक उशीर लावेल त्याच्यावरच शिस्तभंगाची कारवाई. ते कलम माझ्याच टेबलामागच्या फाईलीत होतं! दाखला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही हे पण तिथंच लिहिलंय, पण तिकडच्या क्लार्कने तेच केलं जे मी केलं असतं. मुलगी मागच्या बाकावर, हजेरीत नाव नाही. शिक्षा कुणाला झाली? बाकी ठेवली बापाने, अडवलं आम्ही, आणि पटाबाहेर बसली ती. मला, हेडमास्तरांना की चेअरमनना कुणी साधी नोटीस पण काढली नाही. आता पोर्टलवर ट्रान्सफरची रिक्वेस्ट येते, तीही पडून राहते असं माझ्या जागी आलेला मुलगा सांगतो. फक्त फाईलऐवजी स्क्रीन आली.

कॉलेजची तऱ्हा वेगळी नाही. माझा धाकटा इंजिनिअरिंगला आहे, तिथं ७५ टक्के अटेंडन्स नसलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डवर लागते, नावानिशी. किती लेक्चर ठरलेली होती आणि त्यातली किती खरंच झाली याची लिस्ट मात्र लागत नाही. एका विषयाला अर्धं सेमिस्टर कुणी फिरकलं नाही तर ती गैरहजेरी कुणाच्या खात्यावर टाकायची?

रॅगिंगचा आपल्या राज्याचा १९९९ चा कायदा मला त्यातल्या त्यात शहाणा वाटतो. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि त्याने काहीच केलं नाही तर त्याने गुन्ह्याला मदत केली असं धरायचं. म्हणजे खुर्चीवर बसलेल्याची मान पहिल्यांदा कुठंतरी अडकते. पण असं किती प्राचार्यांच्या बाबतीत झालं ते विचारा एकदा. माझ्या तरी वाचनात नाही.

उगाच सगळ्या मास्तरांवर चिखल नको. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशोब, हे सगळं त्यांच्या गळ्यात आणि वर निकाल कमी लागला की नोटीस. आता पाचवी-आठवीला परत नापास करता येतं, २०२३ मध्ये राज्याने ते आणलं, पुनर्परीक्षेतही राहिला तर पोरगं त्याच वर्गात. माझा त्याला विरोध नाही. फक्त तेव्हा एका रकान्यात हेही लिहा की वर्षभरात त्या वर्गाला गणिताचा शिक्षक किती महिने होता.

आमच्याकडे शेवटी शेवटी एक बाई हेडमास्तर म्हणून आल्या. त्यांनी राउंड बंद केले आणि उशिरा येणाऱ्यांची वही सुरू केली, नाव, वेळ, कारण. पंधरा दिवसांनी वही बघितली तर अकरा पोरं एकाच एसटीची. बाईंनी आगाराला पत्र दिलं, त्याचं उत्तर काही आलं नाही, मग त्यांनी प्रार्थनाच दहा मिनिटं पुढे ढकलली. त्याच वहीत मागच्या पानावर त्यांनी शिक्षकांची येण्याची वेळ लिहायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती वही ऑफिसातून गायब झाली. अजून सापडलेली नाही.

तेव्हा साहेब, यंदा कॉपी केसेसचे आकडे छापाल तेव्हा त्याच्या शेजारी पर्यवेक्षकांवर झालेल्या कारवाईचा आकडाही बोर्डाकडून मागून घ्या, शून्य असेल तर शून्य छापा.

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, जि. सांगली
(नाव छापू नये, पेन्शनची केस अजून ऑफिसात आहे)