विशेष शिक्षिकेला आठ दिवस आमच्या वर्गात बसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवते, नोकरीला एकोणीस वर्षं झाली. शाळेचं नाव लिहीत नाहीये आणि माझंही कृपया छापू नका, कारण खाली ज्या मुलाबद्दल लिहिलंय तो आमच्या भागात लगेच ओळखू येईल आणि ते त्याच्या आईला आवडणार नाही.

मागच्या आठवड्यात समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांनी बाकीच्या मुलांबरोबर एकाच वर्गात शिकायचं त्याचं, एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच, एका हॉलमध्ये दीडशेच्या आसपास शिक्षक, पडद्यावर स्लाइड. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत (१९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते) ते सगळे एका दिवसात घ्यायचे म्हटल्यावर जेवणाची सुट्टी सोडून एका प्रकाराला जेमतेम पंधरा मिनिटं येतात. शिकवणाऱ्या मॅडम अगदी मनापासून बोलत होत्या, घसा बसला होता त्यांचा, त्यांना मी अजिबात दोष देत नाही. दुपारी मागच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने उठून विचारलं की माझ्या वर्गात एक मुलगी आहे, वर्षभर शाळेत एक शब्द बोललेली नाही, आई सांगते घरी खूप बोलते, तर मी रोज सकाळी हजेरी घेताना तिच्याशी काय करू. मॅडम म्हणाल्या शेवटी घेऊ हा प्रश्न. शेवटी फीडबॅक फॉर्मची लिंक आली, हजेरीच्या सह्या झाल्या आणि सगळे गाड्यांकडे पळाले. त्या बाईंचा प्रश्न तसाच राहिला, आणि त्या दुसऱ्या दिवशी त्याच मुलीसमोर हजेरी घ्यायला उभ्या राहिल्या असणार. माझ्या डोक्यातून ते जात नाहीये म्हणून हे पत्र.

माझ्या बाबतीतही असंच झालंय, फक्त माझं नशीब थोडं बरं होतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आला. बोलणं थोडं, नजर देत नाही, आणि साडेअकराच्या सुमारास जवळजवळ रोज अचानक दोन्ही कान दाबून बेंचखाली शिरायचा आणि स्वतःचं मनगट चावायचा, अगदी वळ उठेपर्यंत. मला वाटलं हट्ट आहे, भूक लागत असेल, घरचे लाड असतील. एकदा मी त्याला दंडाला धरून ओढून बाहेर काढलं. आणि एकदा शाळा सुटताना गेटजवळ, दुसऱ्या चार आया उभ्या असताना, त्याच्या आईला म्हणाले की याला वेगळ्या शाळेत घाला, माझ्याकडे अडतीस मुलं आहेत. ती काही बोलली नाही. तिने ओढणीने त्याचं तोंड पुसलं, दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि गेली. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हा मी डीएड झालेली, दरवर्षी ट्रेनिंग केलेली शिक्षिका होते, सर्टिफिकेटांची फाइल कपाटात होती.

त्या वर्षी आमच्याकडे येणाऱ्या विशेष शिक्षिकेच्या (दिव्यांग मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या बाई) दोन शाळा डागडुजीमुळे बंद होत्या म्हणून त्यांना आठ दिवस आमच्याच शाळेत यायला सांगितलं गेलं. एरवी त्या महिन्यातून एखाद्या दिवशी यायच्या, अर्धा पाऊण तास, मुलाला बाजूला घेऊन काहीतरी करून घ्यायच्या, रजिस्टरवर सही, की पुढची शाळा. यावेळी त्या शेवटच्या बेंचवर दोनशे पानी वही घेऊन बसल्या. वहीत तीन रकाने आखलेले, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. तीन दिवस मला एक शब्द बोलल्या नाहीत, खरं सांगायचं तर मला रागच आला होता की ही माझी तपासणी करते की काय. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत वही माझ्यासमोर ठेवली. तिन्ही दिवशी पहिल्या रकान्यात एकच गोष्ट होती, ताटं. आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून खिचडीची खोली आहे, आणि सुट्टी व्हायच्या आधी ताई स्टीलची ताटं घमेल्यात ओततात, तो खणखणाट. मी इतकी वर्षं त्या वर्गात शिकवत होते आणि मला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता.

मग त्यांनी काय केलं ते सांगते, कारण खर्च बघण्यासारखा आहे. खिचडीच्या ताईंना विनंती करून घमेल्यात गोणपाट अंथरायला लावलं. मुलाला आणि त्याच्या एका मित्राला सुट्टीच्या पाच मिनिटं आधी हात धुवायला पाठवायचं ठरलं. आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर तुळशीबागेतून आणलेली वेल्क्रोची पट्टी चिकटवून दिवसभराच्या कामांचे फोटो लावले, परिपाठ, वाचन, नळ, जेवण, खेळ, घर. फोटो आमच्याच नळाचा, आमच्याच पटांगणाचा, कारण त्या म्हणाल्या की पुस्तकातल्या चित्रातला नळ त्याच्यासाठी हा नळ नाहीये. एक काम झालं की तो कार्ड ओढून डब्यात टाकतो, वेल्क्रोचा तो टर्र आवाज त्याला आवडतो. पुढच्या महिन्याभरात मनगट चावणं बरंच कमी झालं. पूर्ण थांबलं नाही, आणि तो बरा झाला वगैरे असं मी म्हणणार नाही, अजूनही अवघड दिवस येतात. पण आता अवघड दिवशी काय बघायचं ते मला कळतं.

आता ट्रेनिंगच्या स्लाइडवर "संवेदी अडचणी" (म्हणजे आवाज, उजेड, स्पर्श सहन न होणं वगैरे) हा शब्द होता की, मी तो वहीत उतरवूनही घेतला होता. पण तो शब्द आणि माझ्या मागच्या भिंतीपलीकडची ताटं यांचा संबंध हॉलमध्ये बसून मला कधीच लागला नसता. तो जोडायला कोणीतरी माझ्या वर्गात बसायला लागतं, आणि एक दिवस नाही, सलग काही दिवस बसायला लागतं, मग निघून गेल्यावर महिन्याने परत येऊन विचारायला लागतं की बाई, कसं चाललंय, काय जमत नाहीये. माझी सगळी मागणी एवढीच आहे.

यात विशेष शिक्षकांची बाजू लोकांना माहीतच नसते म्हणून लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे त्यांचं शिक्षण एकेका प्रवर्गातलं असतं. भारतीय पुनर्वास परिषदेचे म्हणजे आरसीआयचे डीएड, बीएड कोर्स कर्णबधिर, दृष्टिहीन, बौद्धिक अक्षमता असे वेगवेगळे आहेत. आमच्याकडे आलेल्या बाई मुळात कर्णबधिर प्रवर्गातल्या, खुणांची भाषा उत्तम येते, पण नेमणूक झाल्यावर त्यांच्या यादीत स्वमग्न मुलं, सेरेब्रल पाल्सीची मुलं, अध्ययन अक्षमतेची मुलं, सगळीच. बाकीचं त्या स्वतः शिकल्या, सुट्टीत, स्वतःचे पैसे भरून. आरसीआयचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायला ठरावीक काळाने पुनर्वसन शिक्षणाचे कार्यक्रम करून पॉइंट मिळवावे लागतात, त्याची फीसुद्धा त्यांनी खिशातून भरली. पेट्रोल तर खिशातूनच.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे अर्ज, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, त्यासाठी मुलांची बँक खाती, साहित्य वाटपाच्या शिबिराला मुलं आणि पालक गोळा करणं, यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीत माहिती भरणं. यातलं एकही काम फालतू नाही, भत्ता मिळाला नाही तर ते मूल शाळेत येणारच नाही हे मलाही माहितीये. पण ही कामं एखादा क्लार्कही करू शकतो आणि त्या वहीतले तीन रकाने मात्र त्यांच्याशिवाय कोणीच भरू शकत नाही. मुलाजवळ बसायला वेळच उरत नाही असं त्या मला म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

संख्येचं तर काय सांगावं. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की पहिली ते पाचवीला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि सहावी ते आठवीला पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये परत सगळ्या राज्यांना पदं मंजूर करा म्हणून बजावलं. आपल्या राज्याने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट) ४८६० पदांचा निर्णय घेतला, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक, आणि वर्षानुवर्षं करारावर काढलेल्यांना कायम होण्याची वाट मिळाली, ही खूप चांगली गोष्ट झाली, मी मनापासून स्वागत करते. पण एका केंद्रात कितीतरी शाळा येतात. पुणे जिल्ह्यात शहरातल्या हडपसर वारज्याचं सोडा, भोर किंवा जुन्नरच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या शाळा नजरेसमोर आणा आणि पावसाळ्यात स्कूटीवरून एकटी बाई अशी फिरतेय ते बघा. नेमणूक झाली म्हणजे आधार मिळाला असं होत नाही.

२०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शालेय शिक्षणाच्या सगळ्या स्तरांवर समावेशित शिक्षणाला मदत करण्यासाठी व्यावसायिकांना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं. कर्मचाऱ्यांनाही. मग आमच्या खिचडीच्या ताईंना कोणी विचारलं का कधी? त्या मुलाची व्हॅन चालवणारे काका, ज्यांच्याबरोबर तो रोज दोन वेळा बंद गाडीत बसतो, त्यांना कोणी दहा मिनिटं दिली का? गोणपाटाची गोष्ट ताईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, आधी नाही का सांगायचं, मी कशाला आपटली असती." आणि वर्षभर त्यांनी न चुकता गोणपाट धुवून वाळवून अंथरलं. या लोकांना हॉल नको, स्लाइड नको, शाळेतच अर्धा तास पुरतो.

मला हे सगळ्यात जास्त लागतं कारण आपण पुण्यात राहतो. राज्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण ठरवणारी एससीईआरटी इथे, दिव्यांग कल्याण आयुक्तालय इथे, दहावीचा बोर्ड इथे. कोरेगाव पार्कची अंधशाळा १९३४ पासून आहे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची कामायनी १९६४ पासून. इतक्या वर्षांचा अनुभव असलेली माणसं या शहरात आहेत आणि आमच्यासारखे हजारो वर्गशिक्षक त्याच शहरात अंधारात चाचपडतायत. कारण विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि आमच्या शाळा शिक्षण विभागाकडे, दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटतच नाहीत. एका दिवसाच्या हॉलऐवजी आम्हाला तीन दिवस एखाद्या विशेष शाळेत पाठवा, नुसतं बसून बघू द्या तिथल्या बाई कशा बोलतात, किती वेळ थांबतात, मूल चिडलं की काय करतात. मी तर म्हणते दिवाळीच्या सुट्टीतून दोन दिवस कापले तरी माझी तक्रार नाही.

आणि दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होतेच की. त्यातला एक तास फक्त याला ठेवा, एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल बोलायचं आणि विशेष शिक्षिकेने व बाकीच्यांनी मिळून उपाय काढायचे. परिपत्रकं वाचून दाखवण्यापेक्षा त्या तासाला लोक जास्त जागे राहतील याची मला खात्री आहे.

माझ्या स्टाफरूममध्येच काहीजण म्हणतात की हे अजून एक काम गळ्यात, आधीच निवडणुका, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती. त्यांचं दमणं खोटं नाही, मीही दमते. पण ज्या मुलाचं काय करायचं हेच कळत नाही त्याच्याबरोबर पूर्ण दिवस काढणं हे सगळ्यात जास्त दमवणारं काम आहे, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. आता एनसीईआरटीच्या प्रशस्त ॲपवर आम्ही मुलांची पहिली चाचपणी करतो, मुद्द्यांवर टिक करतो. ते ॲप चांगलं आहे, निदान कुठे लक्ष द्यायचं ते कळतं आणि पालकांसमोर उगीच "मतिमंद" वगैरे शब्द वापरणं थांबतं. पण टिक केल्यानंतर त्या मुलाला डॉक्टरपर्यंत, प्रमाणपत्रापर्यंत कोण नेणार आणि त्यात जाणाऱ्या सहा महिन्यांत मी वर्गात काय करायचं, याचं उत्तर ॲप देत नाही.

तो मुलगा आता पाचवीत आहे. या जूनमध्ये त्याच्या नवीन वर्गशिक्षिका मला जिन्यात भेटल्या आणि विचारलं की अहो, त्याचं काय काय करता तुम्ही, मला जरा सांगाल का. मी कपाटातून तो कॅलेंडरचा पुठ्ठा, कार्डांचा डबा आणि ती दोनशे पानी वही, जी विशेष शिक्षिका जाताना माझ्याकडे ठेवून गेल्या होत्या, असं सगळं त्यांच्या हातात दिलं. आम्हा दोघींना यासाठी एकत्र बसायला वेळापत्रकात एकही तास नव्हता, म्हणून तीन दिवस मधल्या सुट्टीत डबा खाता खाता बसलो. नळाचा फोटो तेवढा नवीन काढावा लागला, पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, पुणे