घरघंटी दुरुस्त होईल, पण तुमच्या जनसंपर्काचं काय?

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी
आणि जनसंपर्क विभागप्रमुख
(या उघड प्रतीत कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, तुम्हाला पाठवलेल्या प्रतीत ते आहे.)

विषय: घरघंटीच्या तक्रारीनंतर तुमच्या जनसंपर्क संस्थेने केलेल्या वर्तनाबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीची घरघंटी मी दिवाळीच्या आधी तुमच्याच संकेतस्थळावरून घेतली. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत सोबत आहे. यंत्राचा दोष थोडक्यात सांगते. ज्वारी सलग दळली की पीठ फार गरम निघतं, त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरत जाते. नाचणी बारीक जाळीत अडकून बसते. गहू आणि हरभऱ्याची डाळ मात्र उत्तम दळली जाते. ही तक्रार मी आधी तुमच्या ग्राहक सेवा क्रमांकावर नोंदवली. तक्रार क्रमांक मिळाला, माणूस आला नाही. तेव्हा मी माझ्या ब्लॉगवर सगळा अनुभव लिहिला, चांगलाही आणि वाईटही. त्यानंतर जे घडलं, त्याबद्दल हे पत्र आहे.

आधी थोडी ओळख. मी धान्यं, पिठं आणि भाजण्या यांवर बरीच वर्षं मराठीत लिहिते, आणि नाशिकमध्ये वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना जनसंपर्क हा विषय शिकवते. त्यामुळे तुमच्या जनसंपर्क संस्थेने काय केलं, हे मला चटकन कळलं. ज्या ग्राहकाला हे कळणार नाही, त्याच्या वतीनेही मी लिहिते आहे.

पोस्ट टाकल्यावर दोन-तीन दिवसांतच खाली प्रतिक्रिया येऊ लागल्या. कुणी सोलापूरच्या गृहिणी, कुणी पुण्याच्या आजी, कुणी नुकतंच लग्न झालेली मुलगी. सगळ्यांची ज्वारी थंडगार दळली जात होती. सगळ्यांनी यंत्रासोबत सहा जाळ्या मिळाल्याचं आनंदाने लिहिलं होतं. माझ्या मॉडेलच्या खोक्यात पाच जाळ्या येतात. सहा हा आकडा फक्त तुमच्या माहितीपत्रकात आहे, आणि तो छपाईतला दोष आहे, असं तुमच्याच ग्राहक सेवेतल्या ताईंनी मला फोनवर सांगितलं होतं. ज्यांनी खोकं उघडलं असेल, त्यांच्याकडून ही चूक होणार नाही. ती माहितीपत्रक समोर ठेवून लिहिणाऱ्याकडून होते.

ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्याच मालाबद्दल अभिप्राय लिहू नयेत, हे ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही काढलं. ते ऐच्छिक आहे, हे मला माहीत आहे. पण एखादं काम बंधनकारक नाही म्हणून ते करायचं नाही, असं कोणती चांगली कंपनी म्हणते?

त्या प्रतिक्रिया मी काढलेल्या नाहीत. त्यांच्याखाली माझे प्रश्न आहेत: आपण मॉडेल कोणतं घेतलं, ज्वारी किती दळली, जाळी कोणत्या क्रमांकाची लावली? एकीनेही उत्तर दिलेलं नाही. खरी गृहिणी अशा वेळी गप्प बसत नाही. ती जाळीचा क्रमांक सांगते, वर ज्वारी दळण्याआधी उन्हात किती वेळ ठेवायची तेही सांगते.

मग तुमच्या संस्थेची ईमेल आली. सुरुवात ‘प्रिय ब्लॉगर’. पुढे माझ्या सौंदर्यप्रसाधनांवरच्या लिखाणाचं कौतुक. मी त्या विषयावर एक ओळही लिहिलेली नाही. ब्लॉग लिहिणाऱ्याशी संपर्क साधायचा असेल तर आधी त्याचं चार पोस्टभर लेखन वाचावं, नावाने हाक मारावी, आपण कोण आणि कुणाच्या वतीने बोलतो आहोत हे पहिल्या ओळीत सांगावं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. ही वेळखाऊ गोष्ट नाही. पण तिच्यावरूनच समोरच्याला कळतं, की आपल्याशी बोलणं चाललंय की नुसत्या यादीतल्या नावाशी.

ईमेलनंतर फोन आला, आणि माझी सर्वांत गंभीर तक्रार त्या फोनबद्दल आहे. संस्थेतला तरुण नम्रपणे बोलला, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, “ताई, तेवढी पोस्ट काढून टाका, मी उद्याच टेक्निशियन पाठवतो. जाळ्यांचा नवा सेटही फ्री देतो.” वॉरंटीतली दुरुस्ती हा माझा हक्क आहे. तो मिळवण्यासाठी मी खरं लिहिलेलं पुसायचं, अशी अट कंपनी घालू शकत नाही. मी नकार दिला. त्यानंतर माझी तक्रार तुमच्या यंत्रणेत ‘निराकरण झाले’ असं दाखवू लागली. माणूस अजून आलेला नाही.

आता ज्या लेखांवर विसंबून मी ही घरघंटी घेतली, त्यांच्याबद्दल. तीन निरनिराळ्या मराठी ब्लॉगांवर, तीन बायकांनी स्वतःचा अनुभव म्हणून ते लिहिले होते. यंत्र फुकट मिळालं होतं, असा शब्द एकातही नव्हता. त्यांतल्या एकीला मी पत्र लिहून विचारलं. तिने मोकळेपणाने सांगितलं की यंत्र संस्थेने पाठवलं होतं, आणि ‘जाहिरात वाटेल असं काही लिहू नका’ ही सूचनाही सोबत होती. ती सूचना मला दाखवताना तिला वाईट वाटत होतं. तुमच्या माणसांनी तिला तिच्या वाचकांसमोर खोटं पाडलं. महिनोन्महिने लिहून तिने जो विश्वास कमावला होता, तो तुम्ही एका यंत्राच्या मोबदल्यात वापरला.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे अ‍ॅस्कीने, अशा लेखांवर जाहिरात असल्याची ठळक खूण हवी, असे निर्देश १४ जून २०२१ पासून लागू केले. ९ जून २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही लिहिणारा आणि कंपनी यांच्यातला आर्थिक संबंध उघड करणं आवश्यक ठरवलं आहे. २०२३ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार विभागाने ते आणखी सोपं करून सांगितलं: पैसेच नव्हेत, फुकट वस्तू, सवलत, भेट यांचाही उल्लेख हवा, तो साध्या भाषेत हवा आणि सहज दिसेल असा हवा. ‘ही घरघंटी मला कंपनीने वापरायला दिली आहे’ एवढं एक वाक्य. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मी हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुमच्या कायदा विभागाने संस्थेशी करार करताना हे वाचलं होतं का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आणखी एक. तुमच्या कंपनीच्या पानावर ‘आमच्या ग्राहकाच्या घरची भाकरी’ म्हणून जो फोटो आहे, तो माझ्या ब्लॉगवरचा आहे. कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं आहे. ती भाकरी जात्यावरच्या पिठाची आहे. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि फोटो ज्याने काढला त्याचा असतो. विचारलं असतं तर मी कदाचित दिलाही असता.

हा सगळा प्रकार नवा नाही, म्हणूनच मला जास्त खेद वाटतो. २००६ साली अमेरिकेत एक जोडपं मोटारगाडीतून देशभर फिरत, वॉलमार्टच्या वाहनतळांवर मुक्काम करत, तिथल्या आनंदी कामगारांबद्दल ब्लॉग लिहीत होतं. प्रवासाचा खर्च वॉलमार्टच्या पैशावर चालणाऱ्या एका गटाने उचलला होता, आणि त्यामागे एडलमन ही जगातली नामांकित जनसंपर्क संस्था होती. हे बाहेर आल्यावर रिचर्ड एडलमन यांना स्वतःच्या ब्लॉगवर चूक कबूल करावी लागली. वाईट याचं, की त्या जोडप्याला कामगारांच्या खऱ्या गोष्टी भेटल्याही असतील, पण त्यानंतर त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार?

त्याच काळातलं दुसरं उदाहरण मी वर्गात आवर्जून सांगते. २००५ मध्ये जेफ जार्विस या पत्रकाराने डेलच्या लॅपटॉपबद्दल आणि सेवेबद्दल ब्लॉगवर संतापून लिहिलं. सुरुवातीला कंपनी गप्प राहिली, आणि तक्रार करणाऱ्यांची रांग लागली. २००६ च्या उन्हाळ्यात डेलने स्वतःचा ब्लॉग सुरू केला, कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहायला बसवलं आणि तक्रारदारांना शोधून उत्तरं द्यायला लावलं. पेटणाऱ्या बॅटऱ्यांसारखा अवघड विषयही त्यांनी तिथे टाळला नाही. पुढे जार्विस यांनीच या बदलाबद्दल चांगलं लिहिलं. त्यांना कुणी पोस्ट काढायला सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडेही बोलू शकणारी माणसं आहेत. जाळ्यांची चूक मान्य करणाऱ्या त्या ग्राहक सेवेतल्या ताई माझ्याशी किती सरळ बोलल्या! तुमच्या कारखान्यातल्या एखाद्या अभियंत्याने माझ्या पोस्टखाली स्वतःच्या नावाने आणि हुद्द्याने लिहिलं असतं, की ज्वारीला अमुक जाळी लावा, इतकं दळून झाल्यावर यंत्र थांबवा, नाचणीसाठी ही मर्यादा आहे, तर ते वाचून कितीतरी घरांतलं दळण सुधारलं असतं. तुमच्या संकेतस्थळावर ब्लॉग आहे. त्यात सण आले की शुभेच्छा असतात आणि एरवी विशेषणं. पीठ गरम का होतं, यावर एक प्रामाणिक लेख तिथे हवा. तो मी पूर्ण वाचेन आणि माझ्या वाचकांनाही पाठवेन.

माझ्या मागण्या अशा. वॉरंटीप्रमाणे कोणतीही अट न घालता टेक्निशियन पाठवावा आणि ‘निराकरण झाले’ ही खोटी नोंद दुरुस्त करावी. तुमच्या संस्थेने लिहिलेल्या प्रतिक्रिया तिनेच उघडपणे मान्य कराव्यात. यंत्र फुकट मिळालेल्या तिन्ही लेखिकांना तसं लिहायला मोकळीक द्यावी, म्हणजे ती सूचना लेखी मागे घ्यावी. माझा फोटो काढावा. माहितीपत्रकातला जाळ्यांचा आकडा दुरुस्त करावा.

वर सांगितलेल्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि लेखांबद्दल अ‍ॅस्कीकडेही लिहीन. तुमचं उत्तर आलं तर ते काटछाट न करता, तारखेसह, मूळ पोस्टच्या वरच्या बाजूला छापेन. फक्त त्याखाली लिहिणाऱ्याचं खरं नाव आणि हुद्दा असावा.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, ईमेलची प्रत, प्रतिक्रियांचे आणि फोटोचे स्क्रीनशॉट