एका सेंटिमीटरची भानगड

नॉरफोक, व्हर्जिनिया
शनिवार रात्र

प्रिय दिन्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, म्हणजे शिव्या घालून झाल्या असतील. तब्येत बरी, गुडघा जैसे थे.

आता मुद्दा. मंगळवारी समुद्राचा खारटपणा वरून मोजायला चेसापीक खाडीच्या तोंडावरून विमान नेलं. नकाशात किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा छान पट्टा उमटला. सगळे खूश! पण खालच्या बोटीच्या सीटीडीत, म्हणजे पाण्यात सोडून खारटपणा मोजायच्या यंत्रात, तिथलं पाणी आसपासच्याइतकंच खारट. हस, हस. ‘बाटलीत मावत नाही ते विज्ञान नव्हे’ म्हणून मला पणजीच्या धक्क्यावर दोन तास छळलं होतंस.

अरे, विमानातला रेडिओमीटर मीठ मोजत नाही, हे मलाही कळतं. १.४ गिगाहर्ट्‌झला समुद्र स्वतःहून लहरींचं जे उत्सर्जन करतो, तेवढंच तो टिपतो. पाणी खारट तितकं उत्सर्जन कमी. वीस अंशांच्या पाण्यात क्षारता एका एककाने उतरली तर वाढ जेमतेम अर्ध्या केल्विनची (हे उत्सर्जन तापमानासारखं केल्विनमध्येच मोजतात). आणि वाऱ्याने पाणी खडबडीत झालं की उत्सर्जन वाढतंच; सेकंदाला एक मीटर वाऱ्यामागे साधारण पाव केल्विन धर. म्हणजे वारा दोन मीटरने चढला की कागदावर एक एकक मीठ गायब! आमची वाऱ्याची दुरुस्ती किनाऱ्यावरच्या एका मनोऱ्याच्या आकड्यावर. तो पट्टा गोड्या पाण्याचा की नुसत्या वाऱ्याचा?

उपग्रहाला विचारायची सोय नाही. ‘स्मॉस’चा एक ठिपका ४० किलोमीटरच्या आसपासचा, त्यात पाण्याबरोबर जमीनही येणार.

पण आदल्या रात्री पाऊस झाला होता. या लहरींना समुद्राचा वरचा सेंटिमीटरभरच दिसतो, सीटीडीची पहिली नोंद मीटरभर खाली. मग विमान आणि बोट, दोघंही खरे असतील की! जुलैत मांडवीच्या तोंडाशी वर गोडं, खाली खारं, हे मला तूच दाखवलंस. साहेबांना सोमवारी नकाशा हवाय, आणि पट्टा ठेवायचा की पुसायचा यावर इथे बोलण्यासारखं कोणी नाही. इथल्यांना एकतर विमान कळतं, नाहीतर बोट.

मुक्ताच्या दहावीचं वाचलं, शाबास म्हणावं. वेंगुर्ल्याचं घर एवढ्यात विकू नका. वहिनींना नमस्कार.

आणि तो वरचा थर तू तांब्याने काढायचास ना? इंजिन बंद करून, की बोट चालू असतानाच नाळेवरून वाकून? सोमवारच्या आत कळव.

तुझा,
बंड्या