सॉसची बाटली नाही, रेसिपी पाठवतेय

बाळा,

फोनवर तू म्हणालास आई मिरचीच्या सॉसच्या दोन बाटल्या ट्रॅव्हल्सनं पाठव ना, मी हो म्हटलं खरं पण पाठवत नाहीये. मागच्या वेळचं आठवतंय ना, बाटली रात्रभर बॅगेत तापली, गॅस झाला, झाकण उडालं आणि तुझे ऑफिसचे चार शर्ट लाल झाले. चूक माझीच, आंबणं पुरतं थांबायच्या आधीच मी बाटलीत भरलं आणि झाकण घट्ट लावलं. तेव्हापासून मनात होतं की हे तुला नीट लिहून द्यायचं.

परसात या वर्षी ज्वाला मिरचीची झाडं चांगली लागली, लवंगीची तीन आहेत ती वेगळीच तिखट. नंदुरबारला आता पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलीये, वारा इकडे फिरला की घरात बसल्या बसल्या ठसका लागतो. आपली मात्र मी वाळवली नाही, सगळी सॉसला ठेवली. हिरवी असते ती ठेच्याला, भरताला. सॉसला झाडावरच पूर्ण लाल झालेली लागते, तिच्यात गोडवा उतरतो आणि त्या गोडव्यावरच आंबणं चालतं.

अर्धा किलो मिरची, देठ काढून. मऊ पडलेली, डाग असलेली एकही घालू नको. 1 लिटर पाण्यात 30 ग्रॅम मीठ, हे वजनकाट्यावरच मोज, भाजीत अंदाज चालतो इथं नाही चालत. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, म्हणून उकळून गार केलेलं घे. दहा-बारा लसूण पाकळ्या टाक, काचेच्या बरणीत भर, वर दोन बोटं जागा सोड आणि मिरची पाण्याखाली दाबून ठेव, मी तर छोटी काचेची वाटीच उपडी ठेवते. पाण्याच्या वर आली की बुरशी धरते. झाकण सैल ठेव.

मग काय होतं, इडलीच्या पिठासारखंच होतं रे. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होतं, बारीक बुडबुडे काठाकाठानं वर येतात, कान लावला तर सूं असा आवाज येतो. आजी रोज विचारते, "काय करी राहिनी व माय त्या बरनीमा?" आता थंडी आहे म्हणून मला 15 दिवस लागले, उन्हाळ्यात हेच पाच-सहा दिवसांत होतं पण चव उथळ येते, मला तरी थंडीतलंच आवडतं. वास लोणच्याच्या खारासारखा आंबट यायला हवा. वर पातळ पांढरी साय आली तर चमच्यानं काढ, काही होत नाही, पण केसाळ हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळं फेक, खालचं वाचवायला जाऊ नको. आजीनं आपल्याला अन्न टाकू नये असंच शिकवलंय, तुझा हात अडेल, तरी टाक.

बुडबुडे थांबले की पाणी गाळून बाजूला ठेव, मिरची-लसूण मिक्सरला फिरव, त्यातलंच पाणी लागेल तसं घाल, अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाल, चाळणीतून काढ. आणि आता मी जे केलं नव्हतं ते, मंद आचेवर दहा मिनिटं उकळ म्हणजे आंबणं बंद होतं. खिडक्या उघड्या ठेव, वाफेनं डोळे जळतात. आंबटपणा मोजायचा पीएच पेपर मिळतो तो बुडवून बघ, आकडा 4 च्या खाली हवा. मग बाटली, मग फ्रीज.

हातमोजे घालच. तिखटपणा बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बिया तिला चिकटलेल्या असतात म्हणून तिखट लागतात. ते तिखट नुसत्या पाण्यानं जात नाही, हात भाजले तर आधी तेल चोळ, मग साबण.

पाकिटात दोन पुड्या टाकल्यात, एकीत ज्वालाचं बी, दुसरीत लवंगीचं, पुडीवर पेनानं लिहिलंय. तुझ्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं तिथं कुंडी ठेव. तोवर मंडईतून ओली लाल मिरची आणून एक बरणी लाव, आणि पहिले बुडबुडे आले की व्हिडिओ कॉल कर, बरणी कॅमेऱ्याजवळ धर, आजीलाही बघायचंय.

तुझी आई