दाराच्या पायरीपाशी थांबलेय

मॅसॅच्युसेट्स, 12 नोव्हेंबर

प्रिय सुमे,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग आपलं मूळ राहतं बाजूला. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

आम्ही ठीक. ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझा खांदा थंडी पडली की दुखतो तसा दुखतोय. झालं तब्येतीचं.

तर ते रोड आयलंडच्या सीमेलगतचं शेत. ज्या आजोबांनी मला तिथे मेटल डिटेक्टर घेऊन हिंडायची मोकळीक दिली होती, ते उन्हाळ्यात गेले. मुलांनी जमीन विकली. नवा मालक बर्फ वितळला की बुलडोझर घालून घरं बांधायला घेणार. माणूस चांगला आहे. मला म्हणाला, जमीन गोठायच्या आत काय काढायचं ते काढून न्या, सापडेल ते तुमचं. इथल्या मैत्रिणींना सांगितलं तर म्हणाल्या, नशीब काढलंस! आणि मला रात्री झोप नाही. का, ते तुलाच कळेल.

शेताचं मला काही वाटत नाही. तिथे दीडदोनशे वर्षं नांगर फिरलाय, वरचं खाली नि खालचं वर झालंय. गुळगुळीत झालेले जॉर्ज राजाचे अर्ध्या पेनीचे तांब्याचे तुकडे, बिननक्षीची चपटी बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, बुटाचं अर्धं बक्कल. असलं काही तिथून उचललं तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण त्याची जागा आधीच गेलेली असते. पण शेतामागच्या रानात घराचं जोतं आहे. म्हणजे दगडांनी बांधलेला तळघराचा खड्डा, त्यात आता हातभर पाचोळा, आणि जिथे दार होतं तिथे दोन्ही बाजूंना लायलॅकची झुडपं. आपल्याकडे वाडा पडला तरी तुळशीवृंदावन उभं असतं, तसा इथे हा लायलॅक. एकोणिसाव्या शतकात इथली कितीतरी कुटुंबं पश्चिमेकडच्या कसदार जमिनींकडे नाहीतर गिरण्यांच्या गावांकडे निघून गेली. शेतांवर रान चढलं, आणि ऐन जंगलात दगडी बांध तेवढे राहिले. त्या जोत्याला नांगर कधी लागलेला नाही.

गेल्या रविवारी दाराच्या दगडी पायरीपुढे सिग्नल आला. लोखंड खालच्या पट्टीत गुरगुरतं. हा स्वच्छ, उंच आवाज होता, कुठूनही डिटेक्टरची चकती फिरवली तरी तोच. गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटला (तू दिलेल्या वाईच्या खुरप्याने, इथल्या महागड्या हत्यारांपेक्षा ते सरस आहे), आणि वीतभर खाली चांदी दिसली. स्पॅनिश रियालच्या नाण्याचा चतकोर! दोन बाजू छिन्नीने सरळ तोडलेल्या, तिसरी गोल. एका अंगाला समुद्राच्या लाटा नि खांबाचं टोक, दुसऱ्या अंगाला ढालीचा कोपरा. म्हणजे 1732 ते 1772 मधलं. इंग्लंड वसाहतींना चांदीची नाणी पुरेशी पाठवत नसे. बॉस्टनच्या जॉन हलने 1652 मध्ये टांकसाळ काढली खरी, आणि पुढे तीसेक वर्षं झाडाच्या छापाच्या शिलिंगवर तेच 1652 साल छापत राहिला, पण तेही पुरत नव्हतं. मग स्पॅनिश चांदीच चालवायची, सुटे नसले की तोडून. हे परकं नाणं अमेरिकेत कायदेशीर म्हणून 1857 पर्यंत चाललं, बघ.

ते हातात घेऊन मी नाचायला हवं होतं. पण मी खड्ड्यात बघत बसले. चांदीच्या खाली बोटभर कोळशाचा थर, त्यात हाताने घडवलेले खिळे, आणि त्याखाली मातीच्या चिलमीच्या पांढऱ्या नळ्या, लाल खापरं, सगळं आडवं, जसं पडलं तसं. नळीचं भोक जितकं बारीक तितकी ती अलीकडची, हे तूच मला शिकवलंस. एका तुकड्याचं भोक बरंच रुंद आहे. म्हणजे जळालेल्या घराखाली आधीचं कुणाचं तरी राहणं आहे, सुमे. मी माती परत लोटली, गवत बसवलं, पायाने दाबलं आणि घरी आले.

आता तू म्हणशील, मेणवलीचं भांडण अखेर मी जिंकले. थांब. तिथल्या त्या पोर्तुगीज घंटेखाली बसून मी म्हटलं होतं, ही वसईच्या मोहिमेतून उचलून आणलेली, 1707 ची, तरी बोलतेच आहे की! तू म्हणालीस, बोलते कारण कुठून आणली ते ठाऊक आहे. ते मला तेव्हाही पटलं होतं, फक्त तुझ्या तोंडावर म्हणायचं नव्हतं. पण गणपती आळीतल्या त्या शिवराया, आपली जुनी तांब्याची नाणी, त्यांचं काय? ओटीच्या कोपऱ्यात, किती खोल, कोणत्या भिंतीपासून किती वीत, सगळं वहीत लिहून, 1878 चा कायदा तोंडपाठ म्हणून दाखवून तू त्या दिल्यास कचेरीत. दहा रुपयांवरचा ठेवा कलेक्टरला कळवायचा असतो, कबूल. पुढे त्या कुठे गेल्या? त्या साहेबांच्या टेबलापलीकडे आजवर कुणी पाहिल्यात? माझा तो राग अजून आहे. नीट वागूनही वस्तू जाते, हे मी सतराव्या वर्षी शिकले. म्हणूनच आज पाय अडकलाय.

कारण इथला कायदा मला अडवत नाही. केंद्र सरकारची जमीन असती तर 1979 च्या पुरातत्त्व कायद्याने परवान्याशिवाय हातही लावता आला नसता. खासगी जमिनीत मालक म्हणेल ते. हाडं निघाली तरच थांबून कळवावं लागतं, आणि ती निघूच शकतात, कारण ही सगळी वाम्पानोआग या इथल्या मूळ लोकांची भूमी. इंग्रज वसाहतवाल्यांशी झालेल्या 1675–76 च्या लढाईत ती माणसं मारली गेली, गुलाम म्हणून समुद्रापार विकली गेली. विद्यापीठातल्या पुरातत्त्ववाल्या बाई येऊन बघायला तयार आहेत, पण त्यांना मालकाची परवानगी हवी. मालकाला भीती की एकदा ही मंडळी आली की त्याचं काम वर्षभर लटकणार. मी जास्त रेटलं तर तो मलाही बाहेर काढील. मग वसंतात सगळंच ढिगाऱ्यात.

आणि एक हाव आहे, ती तुझ्यापासून लपवणार नाही. 2014 मध्ये इथून जवळच, मिडलटाउनच्या फळबागेत, माझ्यासारखाच डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या जिम बेलीला 1693 चं येमेनी चांदीचं नाणं मिळालं होतं, ते तुला सांगितलंय. पुढे या भागात तसली आणखी निघाली. बेलीच्या मते ती हेन्री एव्हरीच्या चाच्यांनी आणलेली, 1695 मध्ये सुरतेकडे परतणाऱ्या औरंगजेबाच्या गंज-इ-सवाई जहाजावरची लूट. औरंगजेब तेव्हा आपल्या ब्रह्मपुरीच्या छावणीत बसलेला, राजाराम महाराज जिंजीत, आणि बादशहाच्या जहाजावर मक्केहून येणाऱ्या बायकांचे ते हाल, काहींनी स्वतःचा जीव दिला. ती चांदी इथल्या कुणा शेतकऱ्याच्या खिशातून दारात पडली असेल, तर ती मला सापडावी असं फार वाटतं. त्या बायकांबद्दल इथे कुणीतरी बोलावं म्हणून. रुंद भोकाची ती नळी बघितल्यापासून हे डोक्यातून जात नाही.

तरीही पायरी मी खणणार नाही, एवढं ठरलंय. एकटीने घाईघाईत उपसलं तर माझ्याकडे डबाभर वस्तू राहतील आणि घर जाईल. शनिवारी मालकाला भेटतेय. त्याला सांगणार की पायरीभोवतीचा दहा फुटांचा तुकडा तेवढा दोन आठवडे द्या, बाकी सगळीकडे काम सुरू करा, आणि बाईंना माझी पाहुणी म्हणून येऊ द्या. डेक्कन कॉलेजात असताना तू बांधकामवाल्यांना कशी पटवायचीस? पैसे, शरम, की चहा? जे चालायचं ते मला सविस्तर लिही.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? ओंकारला पुण्यातच प्रवेश मिळाला हे ऐकून जीव भांड्यात पडला. आणि निवृत्तीनंतर शिकवण्या घेऊ नकोस, लोक फुकट राबवतील.

शुक्रवारच्या आत उत्तर हवंय. खड्ड्याचे फोटो आणि मोजमाप वेगळं पाठवलंय, भिंतीपासूनची अंतरं वितीत नाही, सेंटिमीटरमध्ये. थरांचा क्रम मी बरोबर वाचलाय का, तेवढं आधी बघ.

तुझी,
नंदा